प्रवासलेखकाने काय गाळले?

मंडळी,

रहस्यकादंबरीत शोध घेणाऱ्या माणसापाशी काही ना काही अधिकार असावा लागतो. पोलीस अधिकाऱ्याला तो कायद्याने मिळतो, खाजगी गुप्तहेराला अशिलाच्या पैशामुळे मिळतो, आणि खेड्यातल्या चौकस वृद्धेला आयुष्यभराच्या शेजारामुळे. परदेशात बेपत्ता झालेल्या माणसाला शोधायला निघालेल्या प्रवासलेखकापाशी यांतले काहीच नसते. तिथली भाषा त्याला अर्धीमुर्धी येते, त्याच्या व्हिसाची मुदत ठरलेली असते आणि ज्याला शोधायचे त्याच्याशी त्याचे रक्ताचे नाते असेलच असेही नाही. तरीही या नायकाने रहस्यकथेत आपले ठाणे पक्के केले आहे, आणि आज मला त्याच्याविषयी बोलायचे आहे.

मला जे म्हणायचे आहे ते आधीच सांगून टाकतो. प्रवासलेखकाचा धंदा गाळण्याचा आहे. एखाद्या गावी बसची वाट पाहण्यात गेलेले तीन दिवस तो अर्ध्या ओळीत संपवतो. दोन वाटाड्यांचा मिळून एक वाटाड्या करतो. आणि दुभाष्याला तर पुस्तकातून पार हद्दपार करतो, त्यामुळे त्याला भेटणारा प्रत्येक स्थानिक माणूस त्याच्याशी थेट, अस्खलित आणि बहुतेक वेळा चमकदार वाक्यांत बोलताना दिसतो. प्रवासवर्णनाच्या वाचकाला हे ठाऊक असते आणि चालतेही, कारण त्याला प्रवासाचा अर्क हवा असतो, रोजनिशी नव्हे. शोध घेणाऱ्याला मात्र यांतली कोणतीच मुभा नाही. बस उशिरा का आली, दुसरा वाटाड्या मध्येच कुठे गेला, दुभाष्याने कोणता प्रश्न नीट विचारला नाही, हेच तर त्याला पाहायचे असते. ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या गळ्यात पडली की कादंबरीतला खरा प्रश्न बदलतो. बेपत्ता माणूस कुठे आहे यापेक्षा, शोधणाऱ्याने आपल्या हकिगतीतून काय वगळले, हा प्रश्न मोठा होतो. या प्रकारातल्या चांगल्या कादंबऱ्या मला या दुसऱ्या प्रश्नावर उभ्या असलेल्या दिसतात. फसलेल्या कादंबऱ्या पहिल्याच प्रश्नात अडकून पडतात आणि वाचकाला नकाशावरून फिरवून आणतात.

हा प्रश्न कादंबरीकारांनी कल्पनेतून काढलेला नाही. कादंबरीच्या आधी तो वर्तमानपत्रांत आणि मोहिमांच्या अहवालांत होता. 'न्यू यॉर्क हेरल्ड'चे जेम्स गॉर्डन बेनेट यांनी १८६९ मध्ये पॅरिसमध्ये हेन्री मॉर्टन स्टॅन्ली या वार्ताहराला बोलावून आफ्रिकेत बेपत्ता समजला गेलेला धर्मप्रसारक आणि संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन याला शोधण्याची कामगिरी दिली आणि १८७१ च्या उत्तरार्धात स्टॅन्लीने टांगानिका सरोवराकाठच्या उजिजी या गावी त्याला गाठले. 'डॉ. लिव्हिंग्स्टन, बहुधा?' हे त्या भेटीतले स्टॅन्लीचे अभिवादनाचे वाक्य जगप्रसिद्ध आहे आणि ते १८७२ मध्ये निघालेल्या त्याच्या पुस्तकात आहे. पण स्टॅन्लीच्या रोजनिशीत त्या भेटीची जी पाने असायला हवीत ती फाडलेली आहेत, आणि लिव्हिंग्स्टनच्या लिखाणात त्या वाक्याचा मागमूस नाही. ते वाक्य नंतर सुचले असावे असे मानणारे चरित्रकार आहेत. आपल्या दृष्टीने पाहा: छापील पुस्तक भरगच्च आणि हस्तलिखितात नेमक्या त्याच जागी खिंडार. रहस्यकथाकाराला याहून अधिक काय हवे? शिवाय लिव्हिंग्स्टन स्वतःच्या हिशेबाने हरवलेला नव्हताच. आपण कुठे आहोत आणि कशासाठी आहोत हे त्याला माहीत होते. स्टॅन्लीबरोबर परतायला त्याने नकार दिला आणि १८७३ मध्ये आजच्या झांबियाच्या भूमीवर त्याचा अंत झाला. हरवला होता तो वाचकांच्या लेखी.

याहून माझ्या मनात अधिक घर करून राहिलेला कागद उत्तर ध्रुवाकडचा आहे, आणि त्याच्यापाशी मी थोडा रेंगाळणार आहे. सर जॉन फ्रँकलिन १८४५ मध्ये 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन जहाजे घेऊन वायव्येकडचा सागरी मार्ग शोधायला गेले आणि त्यांच्यासह एकूण १२९ माणसे नाहीशी झाली. त्यांच्या पत्नी लेडी जेन यांनी वर्षानुवर्षे शोधमोहिमा काढायला लावल्या, काहींना स्वतः पैसा पुरवला. त्यांच्यापैकी मॅक्लिंटॉकच्या मोहिमेतील विल्यम हॉब्सन या अधिकाऱ्याला १८५९ च्या मे महिन्यात किंग विल्यम बेटावर दगडांच्या एका राशीत धातूचे नळकांडे सापडले आणि त्यात एक कागद. कागद कोरा नव्हता. तो आरमाराचा छापील नमुना होता: सापडेल त्याने हा कागद पुढे पाठवावा, अशी विनंती त्यावर सहा भाषांत छापलेली होती. मधल्या रिकाम्या जागेत मे १८४७ मधील मजकूर होता, आणि त्याचा शेवट सर्व ठीक आहे अशा अर्थाच्या शब्दांनी केला होता. मग त्याच कागदाच्या चारी समासांतून, कागद फिरवत फिरवत वाचावा लागेल असा, नंतरचा मजकूर होता, एप्रिल १८४८ मधला. जहाजे सोडून दिली आहेत. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीच वारले. आता उरलेले लोक दक्षिणेला नदीच्या दिशेने निघत आहेत.

हा कागद जवळून वाचणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. पहिल्या मजकुरात बीची बेटावरचा हिवाळा १८४६-४७ चा म्हणून नोंदला आहे, आणि तो चुकीचा आहे. तो मुक्काम त्याच्या आदल्या वर्षीचा होता. म्हणजे सर्व ठीक आहे असे लिहिणाऱ्याच्या हातून त्याच कागदावर वर्ष चुकले. या एका चुकीवरून केवढा तरी तर्क लढवता येतो, आणि लोकांनी तो लढवलाही आहे. मला तिच्यात रहस्यकथेचा एक नियमच दिसतो. जो मजकूर अगदी निश्चिंत वाटतो त्यातला बारीक तपशील आधी तपासावा, कारण निश्चिंत मजकूर लिहिणाऱ्याने तपशिलाकडे दुर्लक्ष केलेले असण्याचा संभव अधिक.

पण फ्रँकलिन प्रकरणातली सर्वांत मोठी गाळणूक कागदावर नव्हती. १८५४ मध्ये जॉन रे हा प्रवासी त्या प्रदेशातले मूळ रहिवासी असलेल्या इनुइट लोकांकडून ऐकलेली हकिगत घेऊन इंग्लंडला परतला. गोरे लोक उपासमारीने मेले आणि शेवटी शेवटी त्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले, असे ती हकिगत सांगत होती. इंग्लंडात ती कुणाला पचली नाही. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकातून इनुइटांच्या साक्षीवर अविश्वास दाखवला, आणि रे याच्या पदरी मानाऐवजी उपेक्षा आली. पुढे विसाव्या शतकात तिथे सापडलेल्या हाडांवर सुरीच्या खुणा आढळल्या. २०१४ मध्ये 'एरेबस' जिथे सापडले तो भाग इनुइटांच्या परंपरागत हकिगतींशी जुळणारा होता, आणि २०१६ मध्ये 'टेरर' सापडले ते एका स्थानिक इनुइट माणसाच्या सांगण्यावरून. त्याने काही वर्षांपूर्वी बर्फातून वर आलेला डोलकाठीसारखा लाकडाचा दांडा पाहिला होता. उत्तर तिथल्या लोकांपाशी दीडशेहून अधिक वर्षे पडून होते. शोधणाऱ्यांच्या वृत्तांतात त्या लोकांना साक्षीदाराची जागा दिली गेली नव्हती, एवढाच काय तो अडथळा. परदेशी शोधाची कादंबरी लिहिणाऱ्याने हे प्रकरण एकदा तरी पुरते वाचावे असे मी नेहमी सुचवतो, कारण कथानकात पाहुण्याच्या नजरेला न दिसणारा साक्षीदार कसा बसवायचा, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

आता ज्यात शोधणारा माणूस खरोखरच पेशाने लेखक होता त्या प्रकरणाकडे येतो. कर्नल पर्सी फॉसेट १९२५ मध्ये ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रदेशात शिरले, बरोबर थोरला मुलगा जॅक आणि त्याचा मित्र रॅले रिमेल. 'झेड' असे नाव त्यांनीच दिलेले एक प्राचीन शहर त्यांना शोधायचे होते. मे १९२५ अखेरच्या पत्रानंतर तिघांचाही पत्ता लागला नाही. आपण परतलो नाही तर कुणी शोधपथक पाठवू नये, असे फॉसेट यांनी आधीच सांगून ठेवले होते. ते अर्थातच कुणी ऐकले नाही. १९३२ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मधील खाजगी जाहिरातींच्या रकान्यात, मध्य ब्राझीलमधील नद्यांकडे जाणाऱ्या आणि जमल्यास फॉसेट यांचे काय झाले हे पाहणाऱ्या मोहिमेत आणखी दोघांना जागा आहे, अशी जाहिरात आली. ती वाचून गेलेल्यांत 'स्पेक्टेटर' साप्ताहिकात काम करणारा पीटर फ्लेमिंग हा तरुण होता. जेम्स बॉण्डचा जनक इयन याचा हा थोरला भाऊ. मोहिमेत भांडणे झाली, तिचे दोन तट पडले, आणि परतताना नदीतून बेलेमपर्यंत दोन गटांत कोण आधी पोचतो याची शर्यत लागली. फॉसेट सापडले नाहीत. फ्लेमिंगने १९३३ मध्ये जे पुस्तक लिहिले ते न सापडण्याविषयीचे आणि आपल्या फजितीविषयीचे आहे. मोहिमेतल्या स्थानिक म्होरक्याचे खरे नाव दडवून त्याने त्याला एक टोपणनावही दिले.

हे पुस्तक गाजले, आणि का गाजले हे सहज समजते. त्या काळच्या साहसी प्रवासवर्णनांतला फुगीर वीरपणा त्यात नाही. तरीही रहस्यकथेचा वाचक म्हणून मी ते हाती घेतो तेव्हा माझी चुळबूळ होते. विनोद ही गाळण्याची फार प्रभावी रीत आहे. लेखक स्वतःवर हसतो तेव्हा आपण त्याच्यावर विश्वास टाकतो, आणि विश्वास टाकल्यावर मूळ प्रश्न विचारायचा राहून जातो: तीन माणसे गेली होती, त्यांचे काय झाले? मोहीम निघाली होती ती त्यांच्या नावावर. पुस्तक संपते तेव्हा ती तिघे कथेच्या कडेला ढकलली गेलेली असतात. एखाद्या कादंबरीकाराने असा विनोदी, स्वतःची टिंगल करणारा प्रवासलेखक निवेदक म्हणून घ्यावा आणि त्याच्या विनोदाआड एक गंभीर गोष्ट लपवावी, असे मला फार दिवस वाटत आले आहे. वाचकाला फसवणारे निवेदक बहुधा खिन्न किंवा भ्रमिष्ट असतात. हसरा निवेदक अधिक धोक्याचा ठरेल.

कादंबरीत या शोधाची यंत्रणा कशी चालते, यावर थोडे बोलून पुढे जातो, कारण अनेक लेखक इथे घाई करतात. परदेशात माणूस बेपत्ता झाला की नायक आपल्या वकिलातीत जातो आणि तिथला अधिकारी त्याला एक गोपनीय फाइल दाखवतो, असे प्रसंग आपण वाचतो. वास्तवात सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने निघून गेला असेल आणि आपला पत्ता कुणाला द्यायचा नसेल, तर वकिलाती त्याच्या संमतीवाचून तो पत्ता सामान्यतः नातेवाइकांनाही देत नाहीत, मग परक्या लेखकाची काय कथा. इंटरपोलची बेपत्ता व्यक्तींसाठीची पिवळी सूचना निघते ती सदस्य देशाच्या राष्ट्रीय कार्यालयाच्या विनंतीवरून. कुणी खाजगी माणूस पत्र पाठवून ती काढवून घेऊ शकत नाही. अनेक देशांत हॉटेलांना परदेशी पाहुण्यांची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते, पण ती वही पाहुण्याला चाळायला मिळत नाही. पूर्वी प्रवाशांची पत्रे गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत त्यांच्या नावाने राखून ठेवत आणि पासपोर्ट दाखवल्यावर हाती देत. दुसऱ्याचे पत्र खिडकीपलीकडे दिसते आहे आणि मागता येत नाही, या एका परिस्थितीवर अख्खे प्रकरण लिहिता येईल. पासपोर्टावरच्या शिक्क्यांवरून प्रवासाचा क्रम लावणे हा तर या कादंबऱ्यांचा आवडता डाव. पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी बाहेरच्या देशांतील प्रवाशांसाठी शिक्क्यांऐवजी टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद सुरू केली आहे, त्यामुळे आजच्या युरोपात घडणाऱ्या कथेला तो डाव जपून खेळावा लागेल.

दुसऱ्या महायुद्धात ताटातूट झालेल्यांच्या शोधाची गोष्ट असेल, तर जर्मनीतल्या बाड आरोल्झन या लहानशा गावाला पर्याय नाही. नाझी राजवटीच्या बळींविषयीच्या तिथल्या संग्रहात सुमारे तीन कोटी कागदपत्रे आहेत, आणि त्यांत सुमारे पावणेदोन कोटी माणसांविषयीची माहिती आहे. संशोधकांसाठी तो संग्रह २००७ मध्ये खुला झाला. त्याआधी तो मुख्यतः जिवंत वाचलेल्यांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या चौकशांना उत्तरे देण्यासाठी वापरला जाई. म्हणजे आपला लेखक तिथे कोणत्या वर्षी पोचतो यावर त्याला दार उघडे मिळते की बंद, हे ठरते. असे तपशील कथेला अडथळे पुरवतात, आणि अडथळ्यांवाचून शोध म्हणजे नुसती सहल.

अडथळे कसे रचावेत हे पाहायचे तर एरिक अँब्लर यांच्या १९३९ च्या 'द मास्क ऑफ दिमित्रिओस' या कादंबरीकडे वळावे लागते. तिचा नायक चार्ल्स लॅटिमर प्रवासलेखक नाही. तो पूर्वीचा प्राध्यापक आणि आताचा गुप्तहेरकथांचा लेखक आहे. पण तो परक्या देशांतून फिरतो, हॉटेलांत राहतो आणि साहित्याच्या निमित्ताने माणसाचा माग काढतो, म्हणून आपल्या विषयात तो चपखल बसतो. इस्तंबूलमध्ये त्याला गुप्त पोलिसांचा प्रमुख कर्नल हाकी भेटतो. हाकी गुप्तहेरकथांचा शौकीन आहे आणि लॅटिमरला एक कथानक भेट द्यायला निघाला आहे. त्याच ओघात तो दिमित्रिओस नावाच्या गुन्हेगाराची फाइल दाखवतो, आणि त्याचे म्हणून समुद्रातून काढलेले प्रेत लॅटिमर शवागारात जाऊन पाहतो.

फाइलमध्ये जे आहे त्यामुळे लॅटिमर पेटत नाही. त्याला पछाडतात त्या मधल्या मोकळ्या जागा. अमुक साली इझमिरमध्ये, अमुक साली सोफियात, आणि त्या दोहोंच्या मध्ये काहीच नाही. हे रिकामे भाग भरून काढायचे या हौसेने तो इझमिर, अथेन्स, सोफिया, जिनिव्हा, पॅरिस असा फिरतो. इझमिरमध्ये जुन्या खटल्याचे कागद त्याला स्वतःला वाचता येत नाहीत, दुभाषा घ्यावा लागतो, आणि अँब्लर त्या दुभाष्याला गाळत नाहीत. अथेन्समध्ये तो १९२२ च्या निर्वासितांच्या नोंदींपाशी जातो, आणि अंजिरे भरणाऱ्या हजारो गरीब हातांतले ते एक नाव कारकुनी यादीत शोधतो. सोफियात त्याच्याच खोलीची कुणीतरी झडती घेते. शोधणारा स्वतः कुणाच्या तरी शोधाचा विषय झालेला असतो, आणि हे त्याच्या ध्यानात फार उशिरा येते.

यातली खुबी पुढे आहे. प्रेताची ओळख पटली होती ती कोटाच्या अस्तरात शिवलेल्या एका ओळखपत्रावरून. लॅटिमरने ते प्रेत आपल्या डोळ्यांनी पाहिले होते, पण पाहिले ते कुतूहलाने, प्रवासी एखादे ठिकाण पाहून येतो तसे. आपण साक्षीदार आहोत हे त्याच्या गावीही नव्हते. पॅरिसमध्ये एक छायाचित्र त्याच्यासमोर ठेवले जाते आणि तेव्हा कळते की शवागारातला तो माणूस दिमित्रिओस नव्हताच. दिमित्रिओस जिवंत आहे आणि एका बँकेच्या संचालकांत बसतो आहे. सगळा युरोप पालथा घालून जमवलेल्या माहितीपेक्षा पहिल्या दिवशी केवळ बघून सोडून दिलेला चेहरा मोलाचा ठरतो. प्रवासलेखकाची सवय आणि शोधकर्त्याचे कर्तव्य यांच्यातला फरक इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी दाखवला असेल.

ग्रॅहम ग्रीन यांच्या 'द थर्ड मॅन'चा नायक मार्टिन्स हाही लेखकच, टोपणनावाने स्वस्त काउबॉय कथा लिहिणारा. चार सत्तांनी वाटून घेतलेल्या युद्धोत्तर व्हिएन्नात तो मित्राला भेटायला येतो आणि त्याच्या दफनविधीला पोचतो. एका नामवंत कादंबरीकाराशी नावाचा घोटाळा झाल्यामुळे त्याची राहण्याची सोय होते आणि त्याला साहित्यावर व्याख्यानही द्यावे लागते. ते कसे फसते हे आज मी इथे उभा राहून सविस्तर सांगणे बरे नव्हे. १९४९ च्या चित्रपटासाठी आधी लिहिलेल्या आणि १९५० मध्ये पुस्तकरूपाने निघालेल्या लघुकादंबरीत निवेदन लेखकाकडे नाही, पोलीस अधिकारी कॅलोवे याच्याकडे आहे. हा निर्णय मला फार अर्थपूर्ण वाटतो. मित्राविषयीच्या मायेपोटी लेखकाने जे गाळले असते ते पोलिसाच्या दफ्तरातून गळत नाही: पेनिसिलिनमध्ये भेसळ करून केलेला काळाबाजार, आणि त्या औषधाने बळी घेतलेली मुले. लेखकाच्या हाती कथा दिली असती तर ती मैत्रीची कथा झाली असती.

आंतोनियो ताबुक्की या इटालियन लेखकाने १९८४ च्या 'नोत्तूर्नो इंदियानो' या छोट्या कादंबरीत हा सारा प्रकार शेवटाला नेला आहे. आरंभी तिच्यातल्या ठिकाणांची यादी आहे, प्रवाशाने मार्गदर्शक पुस्तकात द्यावी तशी. निवेदक झेवियर नावाच्या हरवलेल्या मित्राला मुंबई, मद्रास आणि गोवा असे शोधत जातो. रुग्णालयांत विचारतो, हॉटेलांत विचारतो. शेवटी गोव्यात एका स्त्रीशी त्याची गाठ पडते. ती छायाचित्रकार आहे आणि आपल्या पुस्तकाविषयी सांगते. त्याच्या सुरुवातीला एका कृष्णवर्णीय तरुणाचे छायाचित्र आहे: हात वर, चेहऱ्यावर पराकाष्ठा, जणू शर्यत जिंकून अंतिम रेषा ओलांडणारा धावपटू. पुढच्या चित्रात तेच छायाचित्र पूर्ण दिसते. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला पोलीस आहे आणि त्याची बंदूक त्या तरुणावर रोखलेली आहे. वर गेलेले हात गोळी लागलेल्या माणसाचे आहेत. निवडक तुकड्यांपासून सावध राहा, अशा अर्थाची ओळ खाली छापली आहे. त्याच संभाषणात निवेदक आपण लिहीत असलेल्या एका पुस्तकाची कल्पना सांगतो, आणि त्यात शोधणारा आणि शोधला जाणारा यांच्या जागा अदलाबदल झालेल्या असतात. आपण आतापर्यंत जे वाचले तोही कापून दिलेला तुकडाच होता की काय, अशी शंका वाचकाला येते, आणि ताबुक्की ती दूर करत नाहीत. उत्तराची अपेक्षा ठेवणाऱ्या वाचकाला हे आवडणार नाही. मला आवडते, कारण संशय ज्या गोष्टीवर घ्यायला हवा तिच्यावरच, म्हणजे निवडीवर, तो घ्यायला ही कादंबरी भाग पाडते.

इथे रहस्यकथेच्या जुन्या नीतिनियमांचा प्रश्न येतो. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या दहा आज्ञांत, गुप्तहेराला जो दुवा मिळेल तो ताबडतोब वाचकापुढे ठेवला पाहिजे, असे म्हटले आहे. मग वगळणारा निवेदक घेतला तर हा नियम मोडतो का? माझ्या मते मोडत नाही, मात्र एका अटीवर: जे गाळले आहे त्याची जागा वाचकाला दिसली पाहिजे. समजा निवेदक लेखक मंगळवारी एका बंदराच्या गावी पोचतो आणि गुरुवारी निघतो. मंगळवारच्या संध्याकाळचे वर्णन दोन पाने आहे, गुरुवारच्या सकाळचे एक पान, आणि बुधवारविषयी एक अक्षर नाही. पुढे चाळीस पानांनंतर, खर्चाचा हिशेब जुळवताना, तो सहज बुधवारच्या रात्रीची दोघांच्या जेवणाची पावती नोंदवतो. वाचकाला सगळे दिलेले आहे. त्याने थांबून विचारायचे एवढेच की दुसरा कोण होता. हा प्रामाणिक खेळ आहे. याउलट शेवटच्या प्रकरणात निवेदक अचानक सांगू लागला की बुधवारी मी त्यालाच भेटलो होतो, आणि आधी बुधवार गायब आहे हेही वाचकाला जाणवू दिलेले नसेल, तर ती फसवणूक, आणि वाचकाने पुस्तक फेकून दिले तर तक्रार करू नये.

शेवटाविषयी बोलायचे तर या प्रकारात बेपत्ता माणूस सापडणे ही गोष्ट लेखकांना वाटते तितकी निर्णायक नसते. थाई रेशमाचा व्यवसाय जगभर नेणारे जिम थॉम्प्सन १९६७ च्या ईस्टर रविवारी मलेशियातल्या कॅमेरॉन हायलँड्समधून नाहीसे झाले. सैनिकांपासून जंगलातल्या आदिवासी वाटाड्यांपर्यंत आणि मांत्रिकांपासून अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी शोधले, आणि काहीही हाती लागले नाही. ते प्रकरण आजही लोक वाचतात. दुसरीकडे अनेक कादंबऱ्यांत शेवटी माणूस सापडतो, समोर बसून पंधरा पाने स्पष्टीकरण देतो, आणि पुस्तक मिटताक्षणी आपण त्याला विसरतो. सापडल्यावर शोधणारा काय लिहितो, हे पाहायला हवे. फॉसेट यांनी शोधायला येऊ नका असे सांगितले होते. लिव्हिंग्स्टनने परतायला नकार दिला. अशा माणसाचा ठिकाणा प्रवासलेखकाला कळला, तर तो छापायचा की नाही? छापला तर त्या माणसाने सोडून दिलेले जग त्याच्या दारात येऊन उभे राहणार. न छापला तर प्रकाशकाला, वाचकाला, आणि ज्या घराने त्याला पाठवले त्या घराला लेखक खोटे सांगणार. मी वाचलेल्या बहुतेक कादंबऱ्या हा प्रश्न समोर येताच माणसाला मारून टाकतात: बोट उलटते, कडा कोसळतो, आणि लेखकाची निर्णयातून सुटका होते. ही पळवाट आहे आणि ती इतकी सर्रास वापरली जाते की शेवटच्या पन्नास पानांत पाऊस सुरू झाला की मी तिची वाटच पाहू लागतो.

अँब्लर यांनीही शेवटी दिमित्रिओसला मारले आहे, हे मला कबूल केले पाहिजे. पण त्यांनी लॅटिमरला मोकळे सोडलेले नाही. राजकीय खून, अमली पदार्थांचा व्यापार, माणसांची विक्री आणि त्या सगळ्याला पैसा पुरवणारी प्रतिष्ठित बँक, एवढे सारे पाहून तो गाडीत बसतो आणि पुढच्या पुस्तकाचा विचार करू लागतो. हे सगळे तो लिहील असे आपल्याला वाटते. त्याच्या डोक्यात मात्र इंग्लंडमधल्या एका शांत खेड्यात घडणाऱ्या, बागेतल्या मेजवान्यांच्या वातावरणातल्या खुनाचे कथानक घोळत असते.